सासूबाईंचं ओके

माझ्या माहेरी, दहिसरला, बाबांचं ‘ओके’ म्हणजे कौतुकाची परमावधी. माझा बारावीचा निकाल पाहून ते एवढंच म्हणाले आणि आईने लगेच पेढे मागवले. मालवणी माणूस, याहून जास्त कौतुक म्हणजे स्वतःच्या हाताने पोरीला दृष्ट लावणं.

त्यामुळे लग्नानंतर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मी पहिल्यांदा माशाचं कालवण केलं आणि सासूबाई ‘ओके’ म्हणाल्या, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. आईला फोन लावला.

“सासू काय म्हणता गो?”

“ओके म्हणाल्या!”

“मग झाला तर!”

दुसऱ्याच दिवशी हवा गेली. रिक्षावाला यायला नाही म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, ‘ओके.’ मांजरीने मांदेली पळवली, तरी ‘ओके.’ जन्मभर बाजारात मासळी विकलेली बाई, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करताना जिची जीभ कधी अडली नाही, तिला माझ्या कालवणासाठी एवढाच शब्द सापडावा? मला भयंकर राग आला.

मग मी हट्टाला पेटले. कोकम सोडून त्यांच्यासारखी चिंच घातली. ओके. खोबरं घालताना हात आखडला. ओके. एकदा मीठच विसरले. ‘ओके’ म्हणत त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली. शेवटी नवऱ्याला विचारलं, “अरे, तुझ्या आईला माझ्या हातचं आवडतं की नाही?”

“ओके बोलली ना? मग?” मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला.

परवाच्या रविवारी बोंबलाचं कालवण केलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. ओकेसुद्धा नाही. उठल्या, मोठा डबा काठोकाठ भरला आणि बाहेर चालत्या झाल्या. मला वाटलं, गेलं मांजरीला. परत येऊन त्या ताटावर बसल्या. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने शेजारच्या मावशी तोच डबा घेऊन आल्या. बाजारात दोघींच्या मासळीच्या पाट्या शेजारी शेजारी, त्यामुळे भांडण रोजचं. साधंसुधं काही या घरातून त्या घरात जात नाही. समोरचीला नावं ठेवायला जागा मिळेल म्हणून. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून मावशींनी त्यात तळलेली कोलंबी घातली होती.

“तूच केलंस ना गो कालवण? तुझी सासू चार घरं फिरली. ‘माझ्या सुनेच्या हाताची चव बघा,’ बोलून नुसता आरडाओरडा! माझ्या वाट्याला तळाचं आलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या खाली मान घालून भात कालवत होत्या.

“मी कुठं ओरडले? ओके बोलले फक्त,” त्या म्हणाल्या, आणि आणखी वाढ म्हणून ताट माझ्यापुढे केलं.