वाहुळ सर समितीवर बसले तेव्हा

रोज सकाळी जालन्याच्या कोर्टात शिरल्यावर वाहुळ वकील सगळ्यांत आधी आष्टीकर वकिलांना शोधत. ते ज्या बाकावर असतील तिथं जाऊन उभे राहत, हात जोडत आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणत, "नमस्कार साहेब. आहे मी." आष्टीकर मान वर करत नसत. वाहुळ सर क्षणभर थांबत आणि मग प्रसन्न चेहऱ्यानं आपल्या कामाला लागत.

मी भोकरदनहून नवी सनद घेऊन आले होते आणि सरांकडे ज्युनिअर म्हणून लागले होते. ज्येष्ठांबद्दल यांना केवढा आदर, असं मी एकदा बोलून गेले. सर हसले. "आदर कशाचा, शोभाताई? मी त्याला रोज आठवण देऊन राह्यलो."

आठवण कशाची, ते हळूहळू कळलं. जालना जिल्हा नवा झाला त्या सुमाराला सरांनी वकिली सुरू केली. घराण्यात शिकलेले पहिलेच. वडील मोंढ्यात हमाली करायचे. आष्टीकर जालन्यातल्याच मस्तगडचे, जिल्ह्यातले मोठे वकील. एका दाव्यात आष्टीकर ज्या निकालाचा आधार देत होते, तो वरच्या कोर्टानं केव्हाच रद्द केलेला आहे, हे या पोरसवदा वकिलानं भर कोर्टात दाखवून दिलं. न्यायाधीश हसले, पाठोपाठ कोर्ट हसलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांविरुद्ध तक्रार गेली: अशिलाची खोटी सही करून प्रतिज्ञापत्र दाखल केलं. तक्रारदार आष्टीकरांचा माणूस होता.

वकिलांचा निवाडा वकीलच करतात. राज्यातल्या वकिलांची निवडून आलेली संस्था तिघांची समिती नेमते. त्या तिघांपैकी एक आष्टीकरांचा वर्गमित्र होता, आणि चौकशीला आला तो मुक्कामाला आष्टीकरांच्याच घरी उतरला. सरांची सनद दोन वर्षं निलंबित झाली. ती दोन वर्षं त्यांनी कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन काढली. आष्टीकरांचे अर्जसुद्धा टाइप केले. "कागदावर काय लिहिलंय ते नंतर बघायचं," ते मला सांगत. "आधी वर कोण बसलंय ते बघायचं."

सनद परत मिळाल्यावर त्यांनी ठरवलं, वर आपण बसायचं. मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्याच्या कोर्टात एसटीनं फिरले, तरुण वकिलांना भेटले, त्याच संस्थेच्या निवडणुकीत एकदा पडले आणि दुसऱ्या वेळी निवडून आले. शिस्तीच्या समितीवर नेमणूकही झाली. मी अभिनंदन केलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आता फक्त त्याचं नाव यायला पाहिजे."

नाव आलं. अंबड तालुक्यातल्या गिरजाबाई नावाच्या विधवेचा दिराशी जमिनीचा दावा होता, आणि तिचे वकील होते आष्टीकर. त्यांनी तिला न विचारता कोर्टात तडजोड लिहून दिली. दिरानं तिच्या वाट्याच्या रानात नांगर घातला, तेव्हा तिला ते कळलं. तिची तक्रार आली ती सरांच्याच समितीपुढं.

"सर, तुम्ही यातून बाजूला व्हा," मी म्हणाले. "बाकीचे दोघं आहेत. आष्टीकर सुटत नाहीत यातून. प्रकरण सरळ आहे."

"माझ्या टायमाला त्याचा दोस्त बाजूला झाल्ता का?"

"तेच तर चुकलं होतं ना?"

"बराबर. मंग ते त्याला बी कळू दे."

चौकशी औरंगाबादला झाली. मी गेले होते. आष्टीकर तेव्हा सत्तरीला आलेले, हातात काठी. बाकीच्या सदस्यांनी त्यांना खुर्ची द्यायला सांगितलं. सर म्हणाले, "आरोप असलेला माणूस उभा राहून बोलतो." मग प्रत्येक उत्तराला, "ऐकू न्हाई आलं, आष्टीकर. मोठ्यानं." गिरजाबाई कोपऱ्यात बसून होती. तिला काय म्हणायचं आहे, यापेक्षा आष्टीकरांचे पाय कसे थरथरतात याकडे सरांचं लक्ष जास्त होतं. आष्टीकरांची सनद रद्द झाली. दुसऱ्या दिवशी जालन्याच्या बार रूममध्ये सरांनी पेढे वाटले. मीही एक घेतला. गोड लागला, हे खोटं कशाला सांगू.

आष्टीकरांनी वकिलांच्या दिल्लीतल्या वरच्या संस्थेकडे अपील केलं आणि ते पेढेच तिथं पुरावा म्हणून उभे राहिले. ज्यांनी खाल्ले त्यांच्यातल्याच काहींनी प्रतिज्ञापत्रं दिली. दिल्लीहून निकाल आला: ज्याचं वैर साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, त्यानं निवाड्याला बसायला नको होतं, निर्णय रद्द, चौकशी नव्यानं करा. नवी समिती बसण्याआधी आष्टीकर झोपेत वारले. मेलेल्या वकिलावर तक्रार चालत नाही. फाइल बंद झाली आणि बार रूमच्या भिंतीवर काळ्या कोटातला त्यांचा फोटो लागला.

"सनद घेऊन मेला तो," सर म्हणाले. "माझ्यामुळं."

गिरजाबाई ऑफिसात आली. तिला दिल्लीचं काही कळलं नव्हतं. मी समजावून सांगितलं. सर तिला म्हणाले, "मावशी, तडजोड रद्द करायचा दावा मी चालवतो. एक पैसा घेणार न्हाई."

ती उठून उभी राहिली. "न्हाई वकीलसाहेब. माझ्या अर्जावर तुम्ही तुमचं भांडण भांडलात. मी दुसरा बघते." तिनं खरोखरच परजिल्ह्यातून नुकताच आलेला एक वकील गाठला, ज्याला वाहुळही माहीत नव्हते आणि आष्टीकरही.

पुढं काही वर्षांनी वकिलांवरची सत्ता वकिलांकडून काढून घ्यायची, समितीत बाहेरची माणसं बसवायची, अशी चर्चा निघाली. बार रूममध्ये सभा झाली. आमचं आम्ही बघू, बाहेरच्याला काय कळतं आमच्या धंद्यातलं, असं जो तो तावातावानं बोलत होता. सर शेवटी उठले. "बाहेरच्याला धंदा कळत न्हाई, खरं आहे," ते म्हणाले. "पण त्याला आपली दुश्मनी बी कळत न्हाई." आणि खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही.

मधुमेहानं त्यांचे पाय गेले, तेव्हा मी त्यांना घरी भेटायला जात असे. शेवटच्या भेटीत मी धीर करून विचारलं, "सर, आज परत आष्टीकरांचं प्रकरण आलं, तर बाजूला व्हाल?"

त्यांनी डोळे मिटले.

"न्हाई होणार," ते म्हणाले. "आज बी त्याला उभाच ठेवीन. म्हणून सांगतो, शोभाताई, बाजूला होता का हे माझ्यासारख्याला विचारायची पाळीच येऊ देऊ नका."