बाईंना न उघडणारं फोल्डर

वडील अंबाजोगाईला दवाखान्यात होते, त्याला नववा दिवस होता. बाकावर बसून बसून माझी पाठ धरली होती. सकाळी अकराच्या सुमारास वसतिगृहाच्या सचिवांचा फोन आला. बाईंचं फोल्डर तीन दिवसांपासून उघडत नव्हतं. तिथलं नेटही बंद होतं, म्हणजे मोबाइलवरून काही करता येणार नव्हतं. बहीण वडिलांजवळ बसली, आणि मी केजला जाणाऱ्या जीपमध्ये चढलो.

हे वसतिगृह केजहून नांदूरघाटकडे जाताना लागतं. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली लेकरं तिथं हंगामभर राहतात. सहा कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर, एवढंच त्यांचं ऑफिस. सर्व्हर कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांशेजारी. हे सगळं मीच बसवलं होतं, त्यामुळं काही बिघडलं की फोन मलाच यायचा.

बाई तिथल्या जुन्या लेखनिक. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. कोणतं लेकरू कोणत्या तांड्यावरचं, कोणाला फिट येते, कोणाचा आजा न्यायला आला तर द्यायचं आणि कोणाचा चुलता आला तरी द्यायचं नाही, हे सगळं त्यांनी बारा-पंधरा वर्षांत टाइप करून त्या एका फोल्डरमध्ये ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा त्या कॉम्प्युटर चालू ठेवून त्याच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मांडीवर शंभर पानी वही होती आणि त्या आठवेल तसं लिहीत होत्या. हंगामाची भरती तोंडावर होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या होत्या.

मी नमस्कार केला, पाणी पिलो आणि त्यांच्या खुर्चीवर बसलो. फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही अशी पाटी यायची. शेजारच्या कॉम्प्युटरवरून सचिवांच्या नावानं तेच फोल्डर उघडत होतं. म्हणजे तारा ठीक, सर्व्हर ठीक. अडत होतं ते फक्त बाईंच्या नावाला.

कोठीत जाऊन सर्व्हरसमोर स्टूल ओढलं. परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक नेटवर्कवरून आत यायची आणि एक खुद्द फोल्डरची. दोन्हीकडं बाईंचं नाव होतं, दोन्हीकडं पूर्ण अधिकार होते. मी नाव काढून पुन्हा घातलं. बाईंच्या कॉम्प्युटरकडं गेलो, पुन्हा तीच पाटी. पासवर्ड बदलला, तरी तेच. कोठी ते ऑफिस अशा पाच-सहा खेपा झाल्या. शेवटी कंटाळून जे करू नये ते केलं, त्या फोल्डरवर सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली. तरीही बाईंना ते उघडेना.

तेव्हा डोकं थोडं जागं झालं. सगळ्यांना 'हो' म्हटल्यावरही एकाला अडतं, याचा अर्थ कुठंतरी त्या माणसासाठी स्पष्ट 'नाही' लिहिलेलं असतं. दहा 'हो' असले तरी असा एक 'नाही' त्यांच्यावर भारी पडतो.

मधल्या वेळात सचिव कोठीत आले. साठीचे, गावातले वजनदार गृहस्थ. दार लोटून हळूच म्हणाले की, आपणच हे करवून घेतलंय असं बाईंना वाटतंय. महिन्यापूर्वी बैठकीत ते बोलून गेले होते, आता नव्या लोकांना करू द्या. बाईंच्या गुडघ्यांची काळजी म्हणून बोललो, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर फोल्डर बंद झालं, आणि त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही विचारलं का त्यांना?" मी म्हटलं.

"काय इचारू? मला वाटलं पासवर्ड इसरल्या. इचारलं तर त्यांना अजून लागंल."

ते गेले. सर्व्हरवर माणसांचे गट केलेले असतात, गटाला जे लागू ते त्यातल्या प्रत्येकाला लागू. मी बाईंचं नाव कोणकोणत्या गटात आहे ते काढलं. दुसऱ्याच ओळीत 'हंगामी' असा गट दिसला.

तो गट मीच केला होता. नवे फॉर्म भरायला दोन हंगामी कारकून घेतले होते. लेकरांची घरची, दुखण्याची माहिती त्यांना दिसू नये म्हणून त्या जुन्या फोल्डरवर ह्या गटापुढं मी स्पष्ट 'नाही' घातलं होतं. ते बरोबरच होतं. पण बाईंचं नाव त्यात कोणी टाकलं? मी स्क्रीनकडं बघत बसलो आणि मग आठवलं. वडिलांना भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता, बाईंना हंगामी कारकुनांनी भरलेले फॉर्म पुढच्या आठवड्यात तपासायचेत, त्यांना ते दिसत नाहीत. मी वॉर्डाबाहेर उभा होतो, डॉक्टर राउंडला येत होते. मोबाइलवरून सर्व्हरला जोडून घेतलं आणि बाईंना सरळ त्या गटात टाकून दिलं. त्यांना फॉर्मची वेगळी परवानगी द्यायला हवी होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्याला पाच मिनिटं जास्त लागली असती.

लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण असा बदल माणूस बाहेर पडून पुन्हा लॉगिन होईपर्यंत लागू होत नाही. बाई कॉम्प्युटर कधी बंदच करत नसत, नुसता पडदा विझवून घरी जात. चार दिवसांनी लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, आणि परत चालू केल्यावर दार बंद.

मी त्यांचं नाव गटातून काढलं, फॉर्मची परवानगी वेगळी दिली, सगळ्यांना दिलेली मोकळीक काढून घेतली. हे कोणाला कळणार नव्हतं. 'अपडेटमुळं झालं' म्हटलं असतं तर चाललं असतं. ह्या धंद्यात मी ते वाक्य पुष्कळदा वापरलंय.

बाईंना पुन्हा लॉगिन करायला लावलं. फोल्डर उघडलं, फायलींची लांबलचक यादी आली. त्यांनी माउसला हात लावला नाही.

"कुनी काडलतं माजं नाव? एवढं खरं सांगा."

"काढलं नव्हतं, बाई. चुकीच्या जागी घातलं होतं. म्याच घातलं, दवाखान्यातून. सचिवांना ह्यातलं काहीच माहीत न्हाई."

मला वाटलं आता चिडतील, आणि चिडल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. त्यांनी वडिलांची तब्येत विचारली. मी सांगितलं. मग वही मिटत म्हणाल्या, "तीन दिस म्या त्यांच्या तोंडाकडं बगितलं न्हाई. राजीनामा लिवून ठेवलाय, पिशवीत हाय."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती मान्य केल्याची की नुसती ऐकल्याची, ते कळलं नाही.

मग आम्ही वहीतली नावं फायलीशी ताडून बघितली, त्या वाचायच्या आणि मी स्क्रीनवर बोट ठेवायचो. यंदा येणारं एकही लेकरू वहीतून सुटलं नव्हतं. फाइलमध्ये होती पण वहीत नव्हती अशी दोन भावंडं निघाली. त्यांना आई-बापानं यंदा उसाच्या फडावर सोबत नेलं होतं, ते बाईंना कळलं होतं, फायलीला नाही. ती दोन नावं फायलीतून काढताना बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

निघताना मी सचिवांना चूक माझी होती एवढं सांगितलं. ते उठून बाईंच्या टेबलाकडं गेले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांचं काय बोलणं झालं ते ऐकायला मी थांबलो नाही.

तो हंगाम बाईंनी पुरा केला. टोळ्या परतल्या, लेकरं घरी गेली, आणि मग त्यांनी राजीनामा दिला. जुनाच कागद होता, फक्त तारीख बदलली होती. गुडघ्यांमुळं सोडते, तुमच्या फोल्डराचा काही संबंध नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी विश्वास ठेवला, निदान फोन ठेवेपर्यंत तरी.