लडाखच्या दगडाचं लगेज

सोमवार, १८ मार्च २००२. रक्कम सात रुपये. हजर : मी, माझा भाचा, बसचा कंडक्टर आणि गोणपाटात गुंडाळलेला दगड.

भाचा नांदेडला भूगर्भशास्त्र शिकत होता. दुपारी दोनला प्रात्यक्षिक परीक्षा. सहलीत लडाखहून आणलेला दगड समोर ठेवून त्याची हकीकत सांगायची. दगड नसेल तर वर्ष गेलं. शिरड शहापूरला आम्ही बसमध्ये चढलो. दगड पाच लिटरच्या कॅनएवढा, हिरवा, त्यात लाल ठिपके.

"सीटखाली सारा," कंडक्टर म्हणाला.

"पंधरा किलोपर्यंतच फुकट. हा त्याच्या वर आहे. लगेजचं तिकीट फाडा," मी म्हणालो.

"काका, एवढुसा तर हाय."

"दिसतो एवढुसा."

भाच्यानं मला कोपर मारलं. पण शिकलेलं त्याला गप्प बसू देईना. "हा आपल्याकडच्यासारखाच काळा दगड होता. भारत आशियाखाली घुसला तवा हा शंभर किलोमीटर खाली गेला. दाबानं आकसला, वजन तेवढंच राहिलं."

"कापसाच्या गाठीवानी," मागचा शेतकरी म्हणाला.

"मंग वर कोणी आणला?" कंडक्टरनं विचारलं.

"हलक्या दगडात अडकला होता. तो वर आला, त्याच्यासंगं हाबी आला."

"म्हणजे तवाबी फुकटच आला. आज काहून पैसे भरून राहिले?"

"तेव्हा कंडक्टर नव्हता," मी म्हणालो.

त्यानं तिकिटांची पेटी मिटली. मग म्हणाला, "वजनाबिगर लगेज फाडता येत न्हाई."

वसमतला स्टँडसमोर हळदीच्या आडतीवर काटा होता. सतरा किलो आठशे. मी गोणपाट काढायला लावलं, कारण गोणपाट लडाखचं नव्हतं. सतरा किलो शंभर. तोवर आडतीवरच्या नऊ जणांनी दगड उचलून पाहिला, तिघांनी दोनदा. बस पंचवीस मिनिटं उभी. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.

"मामा," भाचा म्हणाला, "दगडाला वर यायला लाखो वर्षं लागली. मला दोन वाजेपर्यंतच वेळ हाय."

मी दगड गोणपाटात गुंडाळला आणि बसमध्ये चढलो. नांदेडला एक चाळीसला उतरलो आणि सीटवारी रिक्षा धरली. दोनला तीन मिनिटं कमी असताना भाचा दगड पोटाशी धरून आत गेला. पास झाला.

शेवटी दिलेले पैसे : लगेजचे सात रुपये कंडक्टरला, पावतीसह. पंधरा रुपये रिक्षावाल्याला, तीन सीटचे. दगड आमच्या मधे बसला होता. त्याचं वजन रिक्षावाल्यानं विचारलं नाही.