बेडूक सरांची बायको

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला आणि म्हणाले, "काकू, आपले बेडूक सर गेले." डॉक्टर यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मायेनंच म्हटलं, ते मला कळत होतं... तरी खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. अहो, निदान आज तरी माणसाचं खरं नाव घ्या.

नाव पुरुषोत्तम. किती भारदस्त! पण आमचं लग्न नुकतंच झालेलं, हे एरंडोलजवळच्या एका खेड्यात शिक्षक. त्या वर्षी पाऊस लांबला. तसा तो लांबला की पोरं बेडूक काठीला बांधून दारोदार धोंडी मागायची आणि बायका त्या बेडकावर पाणी ओतायच्या. यांनी पोरांच्या हातातून काठी घेतली, बेडूक सोडून दिला. पोरं हिरमुसली, तेव्हा म्हणाले, "मला बांधा पाला, मी होतो बेडूक." आणि अंगभर कडुनिंब गुंडाळून हा गुरुजी माणूस गावभर उड्या मारत फिरला. माझ्याही दारात आले. मी लाजेनं कडी लावून घेतली. पाऊस काही आला नाही, नाव तेवढं चिकटलं, आणि बाजारात मला बायका बेडकीणबाई म्हणू लागल्या.

पुढे तर कहरच. जो येईल तो बेडूक घेऊन येई. मातीचे, रबराचे, किल्ली दिली की टुणटुण उडणारे... शोकेसमध्ये माझ्या कपबश्यांना जागा उरली नाही. मोबाइल आल्यावर रोज सकाळी चहा पिणाऱ्या बेडकांची चित्रं. मी करवादले की यांचं व्याख्यान सुरू. "बघ ना, माणसं अडाण्याला कूपमंडूक म्हणतात. गोष्टीत बेडूक एकतर फुगून फुटतो, नाहीतर राजकुमार व्हायची वाट बघतो. नुसता बेडूक म्हणून कुणाला चालतच नाही." मी म्हणायची, मला नुसता नवरा चालेल.

ते गेले त्या दिवशी त्यांना दवाखान्यातून एरंडोलला घरी आणलं. आमच्याकडे कुणी गेलं की भोंगा लावून रिक्षा फिरवतात. मी दिराला बजावलं, पूर्ण नाव सांगायचं, दुसरा शब्द नको. रिक्षा सगळं गाव फिरून आली. अंगणात आले भाऊबंद आणि चार शेजारी. बस. आयुष्यभर पोरांत राहिलेला माणूस, आणि एक विद्यार्थी नाही? तेवढ्यात कोपऱ्यावरची भाजीवाली डोकावली, चेहरा बघितला आणि खालीच बसली. "नाव आयकं व माय, पन आपला बेडूक सर शे, हाई कसं कळी?" नाव तिनं ऐकलं होतं, पण ते यांचं, हे तिला माहीतच नव्हतं.

दीर म्हणाले, "वहिनी, उचलायची वेळ झाली."

मी म्हटलं, "थांबा जरा." रिक्षावाला फाटकापाशीच होता. त्यानं विचारलं, "काकू, काय सांगू?" मी त्याच्या हातातला माईकच घेतला. एवढ्या वर्षांत जो शब्द मी त्यांच्यासाठी कधी तोंडातून काढला नव्हता, तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हटला... "आपले बेडूक सर गेले. या सगळे."

आणि गल्लीतली दारं उघडायला लागली.