डोसबाईंचे कान

डोसबाई वर्गात शिरल्या की आधी खिडक्यांचे पडदे बाजूला सारायच्या. उजेड नसला की मुलींचे ओठ दिसत नसत, आणि बाई ठार बहिऱ्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला त्या औषधशास्त्र शिकवत. जिला उत्तर येत नसे ती तोंडावर रुमाल धरून खोकायची.

"रुमाल खाली! खोकल्याची औषधं पुढच्या आठवड्यात. आज फक्त उत्तर."

वर्ग खो खो हसायचा. बाईही हसायच्या, आणि लगेच खडू उचलायच्या.

"पोटात गेलेलं औषध सगळ्या अंगात फिरतं. त्याला पत्ता लिहून दिलेला नसतो. हवं तिथे जातं, नको तिथेही घुसतं. नको तिथे घुसून जे करतं, तो दुष्परिणाम. तो पेशंट आपणहून सांगत नाही. आपण विचारायचा."

विचारल्यावरही पेशंट खोटं बोलू शकतो, हे पुस्तकात नव्हतं. ते त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं.

त्या स्वतः शेवटच्या वर्षाला होत्या तेव्हाची गोष्ट. क्षयाच्या वॉर्डात ड्यूटी लागली आणि खोकला त्यांनाही चिकटला. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देईना, म्हणून कॅनामायसिनची इंजेक्शनं सुरू झाली, महिनोन्‌महिने चालणारी. ताप गेला, अंग भरलं, पोरगी पुन्हा वर्गात बसू लागली. आणि एका सकाळी कानात किणकिण सुरू झाली, लांब कुठेतरी कुणी पेल्यावर चमचा वाजवत बसल्यासारखी.

याचा अर्थ तिला कळत होता. हे औषध आतल्या कानाला इजा करू शकतं; किणकिण ही पहिली सूचना; लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. चाचणी परीक्षेत हेच लिहून तिने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

इंजेक्शन देणारी सिस्टर न चुकता विचारायची, "कानात काही वाजतं का गं?"

"नाही, सिस्टर."

"चक्कर?"

"तुमची सुई बघून येते तेवढीच."

सिस्टर हसत पुढच्या पेशंटकडे वळायची. होऊ घातलेली नर्स, तिला आणखी काय खोदून विचारायचं? आणि पोरीला तर कसं उत्तर दिलं की संशय येत नाही हेसुद्धा पाठ होतं.

औषध बदललं तर पुन्हा भरती आणि परीक्षा हुकणार. आजारपणात एक वर्ष गेलंच होतं. दुसरं गेलं तर नाव कापणार. तिकडे आई शेजारणींना आत्ताच 'आमची सिस्टर' म्हणायला लागली होती. परीक्षेपर्यंत कान टिकले की झालं, असं तिने ठरवून टाकलं.

तिच्या खोलीत राहणाऱ्या लंबूच्या ते आधी लक्षात आलं.

"ए बये! केव्हाची हाका मारतेय!"

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं? तुझ्या मागे बादली पडली, अख्खा मजला दचकला!" लंबूने तिला खांदे धरून वळवलं. "कान?"

"परीक्षा झाली की सांगते. शप्पथ."

"आणि तोवर?"

"तोवर तू समोर उभी राहून बोल."

"मी सिस्टरला सांगणार."

"सांग. मग परीक्षेला एकटीच जा."

लंबू रडली, वाट्टेल ते बोलली, आणि सांगायला काही गेली नाही.

लेखी परीक्षा झकास गेली. प्रॅक्टिकलला वाट्याला आले एक आजोबा. त्यांचं बीपी मोजायचं होतं. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि हवा सोडली. ठोका सुरू होतो तो वरचा आकडा, थांबतो तो खालचा. पारा उतरत तळाला गेला. ठोका नाहीच. तिने पुन्हा फुगवला.

"पोरी, हाताला मुंग्या आल्या," आजोबा म्हणाले. "जिवंत आहे ना मी?"

"चांगले ठणठणीत आहात, आजोबा."

परीक्षक बाईंनी पेन उघडलं. "हं, बोल."

आकडा तिच्याकडे तयार होता. आजोबांचं वय, चेहरा, उशाशी ठेवलेल्या गोळ्या, यावरून बेतलेला, सहज खपला असता. पण त्याच आकड्यावर आजोबांची आजची गोळी ठरणार होती.

"मला ठोके ऐकू येत नाहीत, मॅडम."

"मग स्टेथोस्कोप बदल."

"स्टेथोस्कोप चांगला आहे."

इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. उरलंसुरलं ऐकू येणंही हळूहळू गेलं. पुढे मेट्रननीच खटपट करून तिला शिकवायचं काम मिळवून दिलं. पण वॉर्ड सुटला तो कायमचा.

प्रॅक्टिकलच्या त्या दिवशी संध्याकाळी आई न्यायला आली. मेट्रनशी बोलून झाल्यावर दोघी फाटकाबाहेर पडल्या. ट्रंक उचलून आई पुढे, ती मागे. आईचे खांदे हलत होते. ती बोलतेय की रडतेय, मागून कळेना. पोरीने धावत जाऊन तिला अडवलं.

"आई, माझ्याकडे बघून बोल ना."

आईने ट्रंक खाली ठेवली. पण मान काही तिला वर करता येईना.