बदकवाला पिक्चर

एकच सिनेमा सहा वर्षं पुन्हा पुन्हा दाखवला की किस्से आपोआप साठतात. पापडाच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे. मुद्दाम कोणी साठवत नाही. परवा आमच्या जुन्या फिल्म सोसायटीतला एक जण मुलुंडच्या भाजी मार्केटात भेटला. हातात मेथीची जुडी, आणि पहिला प्रश्न काय, तर "सेक्रेटरी, बदकवाला पिक्चर आठवतो का रे?" म्हटलं, विसरायची सोय ठेवलीय का कोणी! मग तिथेच अर्धा तास उभे राहिलो. 

आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली. शाळेचा हॉल, रविवार सकाळ दहा, खिडक्यांना काळे पडदे आणि पडदे कमी पडले तिथे कोणाच्या तरी घरची सतरंजी. मी सेक्रेटरी. सोळा एमएमचा प्रोजेक्टर चालवायला दुसरा गाढव मिळेना म्हणून ऑपरेटरही मीच. मला वेड गंभीर सिनेमाचं. ज्यात कोणी फारसं बोलत नाही, नुसता वारा वाहतो, असले सिनेमे मला आवडायचे. आणि आमच्या सोसायटीचं नाव झालं ते बदकामुळे. माझं नशीबच तसलं.

* * *

टाउन साइडला, म्हणजे दक्षिण मुंबईत, सोव्हिएत लोकांची एक कचेरी होती, तिथून सोसायट्यांना सिनेमे फुकट मिळायचे. मी युद्धावरचा मागितला होता. रविवारी पहिलं रीळ लावलं, तर पडद्यावर एक म्हातारा बदकामागे धावतोय. सबटायटल्स नाहीत. सोबत इंग्रजीत टाइप केलेला गोष्टीचा एक कागद. दहा मिनिटांत खुर्च्या वाजायला लागल्या. मी कागद वाचायला लागलो, तर मागून आवाज आला, "सेक्रेटरी, बातम्या नंतर द्या."

तेवढ्यात सावंत उठला. सावंत विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता आणि कबड्डीच्या सामन्यांची कॉमेंट्री करायचा. माझ्या हातातला माईक आणि कागद दोन्ही घेतले आणि सुरू. "दाजींची चढाई! बदक डाव्या कोपऱ्यात! दाजी दमलेत, पण मागे हटत नाहीत!" हॉल जागा झाला.

गोष्ट साधी होती. एका बेटावरचं म्हातारं जोडपं. सावंतने त्यांना दाजी आणि काकी करून टाकलं. रोजच्या कटकटीला कंटाळून काकी शहरातल्या मुलीकडे राहायला निघते. तिला अडवायला दाजी आजारी पडल्याचं सोंग करतात, अख्खं गाव त्यात सामील होतं आणि जो तो घोळ वाढवतो. हसून हसून पुरेवाट. पण शेवटी काकी जातेच. बदकही घेऊन जाते. तिला बोटीवर सोडून दाजी आपल्या छोट्या होडीतून एकटेच परत फिरतात. कॉमेडी म्हणून आलेल्या पिक्चरचा हा शेवट.

त्या शेवटाला सावंत थांबला. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे त्याची बायको बसली होती. साखरेच्या आजाराने वहिनींचे डोळे जाऊन सहा महिने झाले होते, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बाईंनी. मग सावंत म्हणाला, "दाजी आणि काकी होडीत बसली. बदक पण आहे. चालली घरी."

पडद्यावर एक माणूस, एक होडी. साठ माणसं बघतायत. कोणी ब्र काढला नाही. वहिनी हसत हसत पदराने डोळे पुसत होत्या.

नंतर मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, काय सांगितलंस तू?"

"सेक्रेटरी, ती मला रोज रात्री विचारते, 'तुमी माका कंटाळल्यात काय?' तिला मी एकाला टाकून दुसरं निघून गेलं म्हणून सांगू?"

मला पटलं नाही. सिनेमाशी बेइमानी आहे, असं मी म्हणालो सुद्धा. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

* * *

लोकांनी तोच पिक्चर पुन्हा मागितला. कमिटीत ठराव झाला की या वेळी रीतसर भाषांतर हवं. कॉलेजात रशियन शिकवणारे एक प्रोफेसर आणले. टाय लावून आले. माईकसमोर उभे राहिले, पिक्चर सुरू झाला, आणि पाच मिनिटं गप्प. पाणी मागितलं. प्यायले. पुन्हा गप्प.

मग माईकवरच म्हणाले, "ही भाषा रशियन नाही."

"मग कुठली आहे?"

"ते मलाही तुमच्याइतकंच माहीत आहे."

मुकाट्याने माईक सावंतकडे गेला. प्रोफेसर वहिनींच्या शेजारी बसून शेवटपर्यंत हसले. डब्यावरची अक्षरं लावून त्यांनीच नंतर सांगितलं, ही एस्टोनियन. मूळ भाषेतली प्रिंट चुकून मुंबईला आली होती आणि कचेरीतही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शाळेच्या ॲटलासमध्ये तो मुलुख शोधला तर नखाएवढा. सावंत म्हणाला, "एवढ्याशा जागेत राहून भांडतात, म्हणजे आपलेच लोक."

* * *

मी हट्टाने गंभीर सिनेमे लावत राहिलो. एकदा सात माणसं आली. त्यातले दोघं झोपले, आणि जागे होते त्यांच्यातल्या एका आजींनी मध्येच विचारलं, "यात बदक केव्हा येतं?"

वर्षातून चार वेळा तोच पिक्चर मागवायचो. कचेरीतला माणूस मला बघूनच डबे काढून ठेवायचा. सिनेमात दाजींना तपासायला डॉक्टर म्हणून गुरांचा डॉक्टर येतो. तिथे सावंत म्हणायचा, "जीभ दाखवा. आता शेपूट दाखवा." पुढे पुढे सावंतने तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल म्हणायला लागला. त्याच्या कारखान्यात कोणी सिक लीव्ह टाकून परत आला की कँटीनमध्ये त्याचं स्वागतच, "शेपूट दाखव!" एस्टोनिया कुठे आहे हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

* * *

एक नवीन मेंबर झाला, देसाई. बँकेतला, हुशार. शो संपल्यावर चर्चा करायची आमची पद्धत होती. देसाई उठला आणि म्हणाला, "मला शेवटच्या शॉटबद्दल एक शंका आहे. होडीमध्ये तर..."

चाळीस माणसांना एकदम खोकला आला. असला खोकला, की शाळेचा शिपाई पाण्याचा जग घेऊन धावत आला. देसाईला पुढे बोलताच येईना. शेजारच्या बाईंनी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पुढच्या शोपासून देसाई सगळ्यात मोठ्याने खोकायचा, गरज नसतानाही.

त्या दिवशी जिना उतरताना वहिनींनी मला विचारलं, "भावजी, सगळ्यांका एकदम खोकलो कसो इलो?"

म्हटलं, "सतरंजीची धूळ हो, वहिनी."

"आसात धूळ," म्हणाल्या.

* * *

वहिनी मूळच्या मालवणकडच्या. वडील खाडीवर माणसं पलीकडे न्यायची होडी चालवायचे, लहानपण होडीतच गेलेलं. एकदा मी रीळ बदलून त्यांच्या शेजारी टेकलो होतो. पडद्यावर अंधूक काहीतरी हलत होतं, धुकं होतं, मला काही दिसेना. सावंत पाणी प्यायला थांबला होता.

वहिनी हळूच म्हणाल्या, "ही होडी भरलेली आसा. पाच-सहा माणसां आसत."

धुक्यातून होडी पुढे आली. बँडवाले बसलेले होते. मी मोजले. सहा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वल्ह्याचो आवाज जड येता," म्हणाल्या. तेव्हा मला फक्त कौतुक वाटलं. माझी अक्कल तेवढीच.

* * *

मरोळच्या एका कारखान्यात परदेशी मशीन बसवायला एक इंजिनियर आला होता. आमचा एक मेंबर तिथे कामाला. त्याने चौकशी केली, तर गडी नेमका त्या नखाएवढ्या मुलखातला निघाला! रविवारी त्याला धरूनच आणलं. उंच, लालबुंद, घामाने भिजलेला. पहिलं वाक्य कानावर पडलं आणि त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पुढे तो हॉलच्या आधी एक क्षण हसायचा आणि मग आमच्यासाठी थांबायचा.

शो संपल्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे आमच्याकडे टीव्हीवर दर वर्षअखेरीला लागतं. सगळ्यांना सगळं पाठ आहे." मग सावंतकडे बोट दाखवून विचारलं, "शेवटी हे काय म्हणाले?"

मी ओशाळून खरं ते सांगितलं, की हे म्हणाले, दोघं होडीत आहेत.

त्याने रिकाम्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी आईसुद्धा दर वर्षी म्हणते, या खेपेला ती परत येईल."

त्याने सावंतचा हात हातात घेतला आणि सोडेचना. त्या दिवसापासून मी बेइमानी हा शब्द तोंडातून काढला नाही.

* * *

सावंत तंबाखू खायचा. आधी आवाज बसला, तेव्हा आम्ही चेष्टा केली, कबड्डी सोड, गझल गा. मग डॉक्टरने सांगितलं, घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही.

माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "मरणाचं काही नाही रे. पण दारात कोण आलं, ताटात काय वाढलंय, सगळं मीच सांगतो. उद्या हिका कोण सांगतलो?" आणि ढसाढसा रडला. पन्नाशी उलटलेल्या फिटरला मी कधी असं रडताना बघितलं नव्हतं. 

ऑपरेशननंतर तो पाटी वापरायला लागला. पाटीवर लिहायचा आणि पुढे धरायचा. आम्हा सगळ्यांना वाचता यायचं. घरातल्या एकाच माणसाला वाचता येत नव्हतं. वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, म्हणून तो त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढायचा. 'चहा'. 'ऊन'. 'मी आहे'. त्यापलीकडे फार जमत नव्हतं.

* * *

त्याच सुमारास कचेरीतून निरोप आला, प्रिंट झिजलीय, परत पाठवणार. शेवटचा एक शो मिळेल. सावंतने आठवडाभर बसून अख्खी कॉमेंट्री शंभरपानी वहीत उतरवली आणि वही माझ्या हातात दिली. वाचायचं मी. शेवटच्या पानावर 'दोघं होडीत. घरी चालली' याच्याखाली दोन रेघा होत्या, आणि कंसात लिहिलं होतं, 'सेक्रेटरी, हे चुकवू नकोस.'

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत दोघं शेजारी, वहिनींचा हात त्याच्या हातात. मी वाचायला लागलो. वाट लागली. बदक पळून गेलं तरी मी आधीच्याच पानावर. दाजी जेवतायत आणि मी म्हणतोय चढाई. कोणी हसेना. सावंतने मान खाली घातली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी मशीन बघा. माईक हयसर द्या."

दिला. काय सांगू तुम्हाला. डोळे पडद्याकडेही नव्हते, छताकडे कुठेतरी. काकी तिकडे एस्टोनियनमध्ये तोंड उघडायची, आणि इकडे मालवणीत तिचं वाक्य बोलून वहिनी मोकळ्या. सहा वर्षं ऐकून ती परकी भाषा आवाजासकट त्यांना पाठ झाली होती. "जीभ दाखवा" म्हणाल्या आणि थांबल्या. हॉलने छप्पर उडवलं. सावंत हसत होता, आवाज न येता, खांदे हलवत.

शेवटचं रीळ लावून मी पुढे येऊन भिंतीशी उभा राहिलो. वही माझ्या हातातच होती. बोट सुटली, भोंगा वाजला. मग सगळं शांत आणि फक्त वल्ह्यांचा आवाज.

पडद्याच्या उजेडात मला दिसलं, सावंत घाईघाईने वहिनींच्या तळहातावर काहीतरी लिहीत होता. 'दोघं'. पुन्हा 'दोघं'.

वहिनींनी मूठ मिटली. त्याचं बोट मुठीतच राहिलं. माईक तोंडाशी नेला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "होडयेत दाजी एकटोच आसा. होडी हलकी चलता."

त्या दिवशी कोणालाही खोकला आला नाही.