मोत्याला सांगितलेलं

पंचवीसेक वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत आम्ही हट्टा गावाजवळ एका मळ्यातल्या घरात कुत्र्यासकट राहायला जायचो. ते घर राखणारे काका पाहुण्यांना कधी टोकत नसत. जे बोलायचं ते आमच्या मोत्याला.

"मोत्या, वाळत्या हळदीवर चपला घालून जाऊ न्हाई बाबा."

मोत्याला चपला नव्हत्याच. आई धुमसायची, पण भांडणार कुणाशी?

निघायच्या दिवशी जीप दारात आली. काका मोत्यापाशी उकिडवे बसले. आमच्याकडे न बघता त्याचा कान खाजवत म्हणाले, "काहून घाई करून राहिला रे? सांच्याला वांग्याचं भरीत हाय."

आईनं हातातली पिशवी परत ओसरीवर ठेवली.

"मोत्या, काकांना सांग, भाकऱ्या मी थापते."